बाळ पोटातच दगावल्यानंतर पुन्हा दिवस राहिले आहेत, आणि रक्त गोठण्याची शंका आहे

प्रश्न: मी २५ वर्षांची आहे आणि यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. आमची थोडी कोरडवाहू शेती आहे. मागच्या दिवाळीच्या आधी मला आठवा महिना चालू असताना लेकराची हालचाल बंद झाली. त्याआधीच्या सोनोग्राफीत वाढ कमी आणि पाणी कमी सांगितले होते, बीपी मात्र ठीक होता. दवाखान्यात पोचलो तेव्हा ठोके लागले नाहीत. मुलगी होती, सव्वा किलोची. मला तिला दाखवले नाही. दीड महिन्याने डॉक्टरांनी माझे रक्त तपासायला लावले, त्यात एक तपासणी पॉझिटिव्ह आली. रक्तात गाठी होण्याचा दोष असू शकतो, तीन महिन्यांनी हीच तपासणी पुन्हा करा, असे ते म्हणाले. पैशाअभावी ते राहून गेले. आता पेरणीच्या धामधुमीत मला पुन्हा दिवस राहिल्याचे कळले. सातवा आठवडा असावा. आशाताई म्हणतात की लगेच मोठ्या दवाखान्यात चला, तिथे पोटात रोज सुई घ्यायला सांगतील. सासूबाई म्हणतात की सुई लेकराला लागेल आणि रक्त पातळ झाले तर गर्भ टिकणार नाही. घरच्यांनी मोबाईलवर रक्ताच्या गाठींच्या सगळ्या तपासण्यांचे पॅकेज पाहून ठेवले आहे, बरेच हजार रुपये लागतात. ते करावे का? सातव्या महिन्यात माहेरी, पांढरकवड्याकडे जायचे ठरत आहे, जाऊ का? आणि मी वावरात कापूस वेचायला जात होते, म्हणून माझी मुलगी गेली का?

उत्तर:

ताई, तुम्ही सर्वांत शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी सर्वांत आधी देते, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्याच्या ओझ्याखाली दबलेले आहेत. कापूस वेचल्यामुळे तुमची मुलगी गेली नाही. आधी वाढ कमी दिसणे, मग गर्भजल कमी होणे आणि त्यानंतर हालचाल थांबणे हा क्रम वारेकडे बोट दाखवतो. आईच्या रक्तातून बाळाला प्राणवायू आणि अन्न पोचवण्याचे काम वार करते, आणि ती नीट काम करीनाशी झाली की बाळ काही आठवडे काटकसरीने जगते, वाढ थांबवते, आणि शेवटी त्याची शक्ती संपते. हे आत घडत असते. ते बाहेरून आईला दिसत नाही आणि वेचणी केल्याने किंवा न केल्याने ठरतही नाही. ग्रहण, नजर, कोणाचे पाऊल, यांतलेही काही कारण नाही. मृत बाळ जन्माला येण्याची दुःखद घटना जगभरात दरवर्षी १९ लाखांच्या आसपास कुटुंबांच्या वाट्याला येते, आणि त्यातल्या फार थोड्या वेळी आईच्या हातून काही चुकलेले असते.

मुलगी तुम्हाला दाखवली नाही, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेला आहात. आईला त्रास होऊ नये या भावनेने आपल्याकडे घरची मंडळी बाळाला परस्पर माती देतात, आणि आईला मात्र नंतर अंगावर दूध येते, कूस रिकामी असते आणि डोळ्यांपुढे चेहराही नसतो. ते दुःख नव्या गर्भारपणाने पुसले जाईल, अशी अपेक्षा कोणीही तुमच्याकडून ठेवू नये, तुम्ही स्वतःही ठेवू नका. आनंद आणि धास्ती या दिवसांत एकत्रच असतात. यजमानांशी त्या मुलीविषयी बोला. बाप बहुधा गप्प राहतो, म्हणून त्याला काही वाटत नाही असे होत नाही. झोप उडाली, जेवण जाईनासे झाले, जगणे नकोसे वाटू लागले, तर ते दवाखान्यात सांगण्याइतके महत्त्वाचे आहे आणि त्यावर गर्भारपणातही उपचार करता येतात.

आता तुमच्या रिपोर्टाविषयी. तुम्ही पाठवलेल्या माहितीवरून ती अँटिकार्डिओलिपिन नावाच्या प्रतिपिंडांची तपासणी होती असे दिसते. शरीर जंतूंशी लढण्यासाठी प्रतिपिंडे तयार करते, पण काही जणींच्या शरीरात ती स्वतःच्याच पेशींवरील काही घटकांच्या विरोधात तयार होतात. ती टिकून राहिली आणि त्यांच्यामुळे रक्तवाहिन्यांत गाठी झाल्या किंवा गर्भ दगावला, तर त्या आजाराला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात. दवाखान्यात याच तपासण्यांना थोडक्यात ‘एपीएलए’ म्हणतात. ठिबकच्या नळीत गाळ साचला की मोटर चालू असूनही पऱ्हाटीच्या मुळाशी पाणी पोचत नाही, तसे वारेतल्या बारीक रक्तवाहिन्यांचे होते. केवळ गाठींमुळेच सगळे घडते असेही नाही. ही प्रतिपिंडे सुरुवातीच्या आठवड्यांत वारेची जडणघडणच बिघडवतात आणि तिथे दाह निर्माण करतात. म्हणूनच या आजारात उपचार लवकर सुरू करण्याला एवढे महत्त्व आहे.

परंतु एकदा पॉझिटिव्ह आलेली तपासणी म्हणजे आजार नव्हे. हिवताप, इतर काही ताप आणि संसर्ग यांच्यानंतर ही प्रतिपिंडे काही काळ रक्तात दिसतात आणि नंतर निघून जातात. म्हणून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत असे म्हटले आहे की, निदान १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासणी पॉझिटिव्ह आली पाहिजे आणि अँटिकार्डिओलिपिनचे प्रमाण मध्यम किंवा जास्त, म्हणजे साधारण ४० युनिटच्या वर असले पाहिजे. त्याच निकषांप्रमाणे १० आठवड्यांच्या पुढे, दिसायला निर्दोष असलेला गर्भ कारण न सापडता दगावणे ही एकच घटनाही पुरेशी धरली जाते. तीन गर्भपात होण्याची वाट पाहायची नसते. तुमच्या बाबतीत दुसरी बाजू, म्हणजे घटना, दुर्दैवाने घडलेली आहे. तपासणीची बाजू अर्धी आहे.

आणि इथे मला तुम्हाला एक दिलासा द्यावासा वाटतो. तीन महिन्यांनी करायची तपासणी राहून गेली, याची तुम्हाला खंत आहे. पहिल्या तपासणीला आता सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला आहे, त्यामुळे आता जी तपासणी होईल तीच तुमची दुसरी तपासणी ठरेल. संधी हातची गेलेली नाही. मात्र एक क्रम सांभाळा. या गटात एकूण तीन तपासण्या येतात: अँटिकार्डिओलिपिन, अँटि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन आणि ल्यूपस अँटिकोॲग्युलंट. यांतली तिसरी फार महत्त्वाची आहे आणि हेपारिनचे, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचे, इंजेक्शन (आशाताई म्हणतात ती पोटातली सुई) सुरू झाल्यावर तिचा निकाल फसवा येऊ शकतो. म्हणून रक्त आधी द्यावे आणि सुई नंतर घ्यावी. रक्त दिल्यावर रिपोर्ट येईपर्यंत मात्र उपचार अडवून ठेवण्याचे कारण नाही. ते तुमचे डॉक्टर ठरवतील. तिसऱ्या तपासणीचे नाव ऐकून घाबरू नका, तिच्या नावात ल्यूपस असले तरी ती पॉझिटिव्ह येणे म्हणजे ल्यूपस हा, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार असणे नव्हे. पण सांधे दुखणे व सुजणे, उन्हात गेल्यावर गालांवर चट्टे उठणे, तोंड वारंवार येणे असे काही होत असेल तर ते नक्की सांगा, कारण ल्यूपस असलेल्या बायकांत ही प्रतिपिंडे अधिक आढळतात.

मोबाईलवरचे पॅकेज घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा पॅकेजमध्ये प्रोटीन एस, प्रोटीन सी, फॅक्टर फाइव्ह लायडन, एमटीएचएफआर अशा अनेक तपासण्या एकत्र बांधून विकलेल्या असतात. त्यांतले प्रोटीन एस गर्भारपणात प्रत्येकच बाईचे कमी होते, त्यामुळे आज ते तपासले तर निरोगी बाईलाही दोष असल्याचा कागद हातात पडेल. फॅक्टर फाइव्ह लायडन भारतीयांत क्वचितच सापडतो. एमटीएचएफआरची तपासणी गर्भ दगावण्याच्या कारणांसाठी करू नये, यावर बहुतेक तज्ज्ञ संस्थांचे एकमत आहे. आणि समजा, आनुवंशिक दोषांपैकी एखादा सापडला, तरी त्याने पुढचा उपचार बहुधा बदलत नाही. २०२३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आनुवंशिक दोष असलेल्या आणि वारंवार गर्भ गमावलेल्या बायकांपैकी निम्म्यांना त्यात हेपारिनची इंजेक्शने दिली होती आणि निम्म्यांना दिली नव्हती. जिवंत बाळ घरी नेणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ७२ टक्के आणि दुसऱ्या गटात ७१ टक्के होते. म्हणजे सुई एका प्रकारच्या दोषात उपयोगी पडते आणि दुसऱ्या प्रकारच्या दोषात पडत नाही. तुमच्या किंवा जवळच्या नातलगांच्या पायात, फुप्फुसात किंवा मेंदूत कमी वयात गाठ झाली असेल, तर गोष्ट वेगळी. ते डॉक्टरांना सांगा, मग त्यांना योग्य वाटेल ती तपासणी ते योग्य वेळी करतील. ते पैसे सोनोग्राफीसाठी आणि जाण्यायेण्यासाठी राखून ठेवा.

याउलट काही साध्या तपासण्या आहेत, ज्या स्वस्त आहेत किंवा सरकारी दवाखान्यात मोफत होतात, आणि रक्त गोठण्याच्या शंकेच्या गडबडीत त्या मागे पडतात याचे मला नेहमी वाईट वाटते. साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवीतील प्रथिने आणि रक्तदाब या प्रत्येकाचा संबंध बाळ दगावण्याशी असू शकतो. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल आणि यजमानांचा पॉझिटिव्ह असेल, तर मागच्या बाळंतपणानंतर त्यासाठीचे अँटि-डी इंजेक्शन दिले होते का, ते कागदांत पाहा. आपल्या भागात सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची तपासणी तर अगदी आवश्यक आहे. विदर्भात हा आजार अनेक समाजांत आढळतो, आणि सिकलसेलचा रुग्ण असलेल्या स्त्रीला गर्भारपणात गाठी होण्याचा व बाळ दगावण्याचा धोका अधिक असतो. नुसती वाहक असलेल्या स्त्रीला स्वतःला सहसा त्रास होत नाही, पण यजमानही वाहक निघाले तर बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते, आणि ते गर्भातच तपासण्याची सोय मोठ्या रुग्णालयातून करता येते. म्हणून दोघांचीही तपासणी सुरुवातीलाच करा.

व्हीडीआरएल या तपासणीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तिच्यावरून घरे मोडण्याची वेळ आलेली मी पाहिली आहे. ही गर्मी, म्हणजे सिफिलिस, या आजाराची तपासणी प्रत्येक गर्भवतीची होते आणि झालीच पाहिजे, कारण तो आजार बाळ दगावण्याचे एक कारण आहे आणि पेनिसिलिनने बरा होतो. पण तुमच्या रिपोर्टात दिसलेली अँटिकार्डिओलिपिन प्रतिपिंडे असली की हीच व्हीडीआरएल खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. तसे झाले तर नवरा-बायकोंनी एकमेकांवर संशय घेण्याआधी टीपीएचए ही खात्रीची तपासणी करून घ्यावी. तुमच्या मागच्या गर्भारपणाच्या कागदांत व्हीडीआरएलचा निकाल काय होता, तेही डॉक्टरांना दाखवा.

आता उपचाराविषयी, आणि सासूबाईंच्या काळजीविषयी. त्यांची भीती त्यांच्या मायेतून आलेली आहे, तेव्हा त्यांना दवाखान्यात सोबत घेऊन जा आणि सुई कुठे जाते ते प्रत्यक्ष पाहू द्या. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्ये दोन औषधे देतात. पहिले म्हणजे ॲस्पिरिनची छोटी गोळी, बहुधा ७५ ते १५० मिलिग्रॅमची, जी लवकर सुरू करतात. तुमच्या मागच्या गर्भाची वाढ खुंटली होती, त्यामुळे प्रतिपिंडांचा दुसरा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी डॉक्टर ही गोळी देण्याचा विचार करतील. तिचा फायदा १६ आठवड्यांच्या आत सुरू केली तर अधिक होतो. दुसरे औषध म्हणजे हेपारिनचे इंजेक्शन. हल्ली बहुधा एनॉक्सापरिन हा प्रकार वापरतात, नेहमीच्या अंगकाठीच्या बाईला दिवसातून एकदा ४० मिलिग्रॅम. त्याची सुई जेमतेम अर्धा इंच असते आणि ती कातडीखालच्या चरबीत जाते. त्याखाली स्नायूंचा थर, मग गर्भाशयाची जाड भिंत, मग गर्भजल, आणि त्यात बाळ असते. सुई तिथवर पोचूच शकत नाही. औषधही पोचत नाही. हेपारिनचा रेणू एवढा मोठा असतो की तो वार ओलांडून बाळाच्या रक्तात जात नाही. तुम्हाला टोचलेल्या जागी निळे-काळे डाग पडतील, क्वचित हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येईल, आणि फार क्वचित रक्तातील प्लेटलेट कमी होतात, म्हणून सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्यांची तपासणी करतात. दीर्घकाळ घेताना हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घ्यायला सांगतात.

सासूबाईंच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे, ती त्यांना मान देऊन सांगा. रक्त पातळ करणारे प्रत्येक औषध गर्भारपणात चालत नाही. वॉरफरिनसारख्या गोळ्या सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या अवयवांना इजा करतात, त्यामुळे हृदयरोग असलेल्या कोणा नातलगाच्या गोळ्या ‘तेच औषध आहे’ म्हणून घेऊ नका. ॲस्पिरिनही गावातल्या दुकानातून अंदाजाने मोठ्या मात्रेची आणू नका. उपचार योग्य तऱ्हेने मिळाले तर अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम असलेल्या स्त्रियांपैकी दहांतील सातांहून अधिक जणी जिवंत बाळ घरी नेतात. ही हमी नाही, पण उपचार न घेतल्यास असणाऱ्या आशेपेक्षा ती पुष्कळ मोठी आशा आहे.

मग दुसरा रिपोर्ट येण्याआधी सुई सुरू करावी का, हा तुमचा खरा पेच आहे. आठव्या महिन्यात, वाढ खुंटून दगावलेले बाळ आणि एक पॉझिटिव्ह तपासणी हाताशी असताना, मी स्वतः रक्त घेऊन, सोनोग्राफीत गर्भ योग्य जागी आहे आणि ठोके दिसत आहेत हे पाहून उपचार सुरू करण्याकडे झुकेन, आणि रिपोर्ट पूर्ण निगेटिव्ह आला तर इंजेक्शन थांबवण्याचा विचार करीन. तुम्हाला प्रत्यक्ष तपासणारे डॉक्टर पहिल्या रिपोर्टातला आकडा पाहून वेगळा निर्णय घेऊ शकतात, आणि त्यांचा निर्णय माझ्या पत्रापेक्षा वरचा धरा. पण हा निर्णय या आठवड्यात व्हावा. पेरणी उरकू द्या, मग पाहू, असे या वेळी म्हणू नका.

कुठे जावे, तर यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळचे आहे. तिथून पुढे पाठवण्याची गरज पडली तर सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय किंवा नागपूरचे मेडिकल आहे. मला मात्र रुग्णालयाच्या नावापेक्षा हे महत्त्वाचे वाटते की, पहिल्या दिवसापासून बाळंतपणापर्यंत तुम्ही एकाच ठिकाणी, एकाच फाईलवर राहावे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते आणि जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल खूण लावतात. ती खूण लावून घ्या. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात गर्भवतीला औषधे, तपासण्या आणि ने-आण मोफत मिळायला हवी, तेव्हा हेपारिन बाहेरून आणायला सांगितले तर तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटून विचारा. बाहेरून आणावेच लागले तर आधी जनऔषधी केंद्रात चौकशी करा. खासगी दुकानांपेक्षा तिथे औषधे बरीच स्वस्त असतात. आणि कोणी कितीही सांगितले तरी ‘हे पहिलेच बाळंतपण आहे’ असे नोंदवू नका. मागचे बाळ लपवले, तर जोखीमही लपते.

सुई घरी घेता येते, तुमच्या आशाताई किंवा उपकेंद्राच्या सिस्टर एकदोनदा दाखवतील. बेंबीपासून तीन बोटे अंतर सोडून, आज उजवीकडे तर उद्या डावीकडे, कातडीची चिमूट धरून सुई सरळ आत घालावी, औषध सावकाश सोडावे, सुई बाहेर काढल्यावरच चिमूट सोडावी आणि जागा चोळू नये. तयार सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढून टाकायचा नसतो. रोज एकच वेळ ठेवावी. विसरल्यास त्याच दिवशी आठवल्यावर घ्यावी, पण दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत. हे औषध २५ अंशांच्या आतच ठेवायचे असते आणि ते गोठूही द्यायचे नसते, त्यामुळे उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली महिन्याभराचा साठा करू नका, थोड्या थोड्या सिरिंज आणा. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड डब्यात साठवून उपकेंद्रात द्या, उकिरड्यावर टाकू नका.

सुई चालू असताना अंग दुखते म्हणून गावातल्या डॉक्टरकडून कमरेत इंजेक्शन घेऊ नका. स्नायूत रक्त साकळून मोठी गाठ होऊ शकते, आणि दुखण्यावरची डायक्लोफेनॅकसारखी औषधे बाळालाही अपायकारक असतात. धनुर्वाताची लस मात्र घ्यायचीच आहे, फक्त सिस्टरना औषधाची कल्पना द्या आणि ती जागा जरा जास्त वेळ दाबून धरा. पत्रात उल्लेख नाही, तरी विचारते: घरात खर्रा खाण्याची सवय आहे का? तुम्हाला असेल तर आजच सोडा. तंबाखूने बाळाची वाढ खुंटते, बाळ दगावण्याचा धोका वाढतो, आणि ज्यांच्या रक्तात आधीच गाठी होण्याची शंका आहे त्यांच्यासाठी ती अधिकच घातक आहे. हलकी कामे करायला हरकत नाही. फवारणी चालू असलेल्या वावरात जाऊ नका आणि भर दुपारच्या उन्हात तहानलेल्या राहू नका.

सोनोग्राफी यावेळी थोडी जास्त वेळा लागेल: आता ठोक्यांसाठी, मग ११ ते १३ आठवड्यांत, १८ ते २० आठवड्यांत अवयवांसाठी, आणि २६ ते २८ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी वाढ, पाणी आणि डॉपलरने रक्तप्रवाह पाहण्यासाठी. मागच्या वेळी वाढ कमी दिसल्यावर पुढची तपासणी किती दिवसांनी होणार होती हे मला ठाऊक नाही, पण यावेळी तसे दिसले तर ‘पुन्हा केव्हा येऊ’ हे विचारल्याशिवाय खोलीबाहेर पडू नका. २८ आठवड्यांनंतर कुशीवर झोपा, उजव्या किंवा डाव्या. बाळाच्या हालचालीची रोजची रीत ओळखून घ्या. ती मंदावली असे वाटले तर गोड खाऊन, पाणी पिऊन, सकाळपर्यंत थांबून पाहू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, १०२ किंवा १०८ ला फोन करून निघा. वारंवार जावे लागले आणि प्रत्येक वेळी सगळे ठीक निघाले, तरी कोणी तुम्हाला उगाच घाबरट म्हणणार नाही. म्हटले तरी जा. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, पोटात कळा, रक्त जाणे, तळहात-तळपायांना रात्रीची असह्य खाज, एकाच पायाला सूज येऊन तो दुखणे, किंवा अचानक धाप लागून छातीत दुखणे, यांसाठीही तसेच तडक जायचे आहे.

माहेरी जाण्याविषयी माझे उत्तर असे की, सातव्या महिन्यात तुम्ही पांढरकवड्याकडे जाऊ नये, तुमच्या आईने तुमच्याकडे यावे. चोळीचा मान, ओटी, जे करायचे ते घरी करता येईल. पण शेवटच्या तीन महिन्यांत तुमची फाईल असलेल्या रुग्णालयापासून दूर जाणे मला योग्य वाटत नाही. बाळंतपण ठरवून, बहुधा ३७ ते ३९ आठवड्यांच्या दरम्यान, मोठ्या रुग्णालयातच करावे लागेल. शेवटची सुई केव्हा घेतली यावर पाठीत भुलीचे इंजेक्शन देता येईल की नाही ते ठरते. ४० मिलिग्रॅमच्या मात्रेनंतर त्यासाठी निदान १२ तास जावे लागतात. म्हणून कळा सुरू झाल्या तर पुढची सुई घेऊ नका आणि दवाखान्यात पोचताच शेवटच्या सुईची वेळ सांगा. ती वेळ रोज कार्डावर लिहून ठेवायची सवय लावली तर गडबडीत आठवावी लागणार नाही.

बाळंतपणानंतर सुई लगेच बंद होत नाही. निदान पक्के ठरले असेल तर ती साधारण सहा आठवडे चालू ठेवतात, कारण पायात आणि फुप्फुसात गाठी होण्याचा धोका याच काळात सर्वांत जास्त असतो. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला खाटेवरून उतरू देत नाहीत, शेक देतात आणि पाणीही मोजून देतात. शेक आणि डिंकाचे लाडू असू द्या, पण तुम्ही दुसऱ्या दिवसापासून घरात चालायला हवे आणि पाणी भरपूर प्यायला हवे; हे सासूबाई आणि आई दोघींना आत्ताच सांगून ठेवा. हेपारिन घेत असताना बाळाला अंगावर पाजायला कसलीही हरकत नाही. बाळ १२ आठवड्यांचे झाल्यावर तिन्ही तपासण्या पुन्हा एकदा करून घ्या, कारण गर्भारपणातल्या ल्यूपस अँटिकोॲग्युलंटच्या निकालाची खात्री नंतरच होते, आणि निदान कायम राहिले तर पुढच्या आयुष्यातही त्याची काळजी घ्यावी लागते. दोन मुलांत अंतर ठेवण्यासाठी आशाताईंकडे मिळणारी माला-एन ही गोळी मात्र घेऊ नका; तिच्यात इस्ट्रोजेन असते आणि त्याने गाठींचा धोका वाढतो. तांबी बसवून घेणे तुमच्यासाठी सुरक्षित आहे, आणि तसे फाईलवर आधीच लिहून ठेवायला डॉक्टरांना सांगा.